ओल्या वाळूवर चालणारं मशीन

"नको," मामंजी म्हणाले. "आहे तेच बरं हाय."

परचुरेकाका खोक्यातून मशीनचे भाग काढून आमच्या पडवीत मांडत होते. दांडा, दांड्याच्या टोकाला बसवायची काळी चकती, छोटा पडदा, कानाला लावायचे ते गोल. नको ऐकल्यावर त्यांचा हात तसाच राहिला.

"अहो चोगले, मी विकत नाहीये. देऊन चाललोय. माझे गुडघे गेले, आता वाळूत कोण चालणार? तुमच्याकडचं जुनं मला परत द्या, आठवण म्हणून ठेवीन. हे तुम्ही वापरा."

"नको म्हटलं ना."

"ओल्या वाळूवर चालतं हे! तीन वर्षं तुम्ही मला फोनवर दुसरं काय सांगताय? जुनं ओल्यात बोंबलतं, जुनं ओल्यात बोंबलतं. मी मुद्दाम हे घेऊन एवढ्या लांब आलो."

मामंजींनी कोपऱ्यातलं जाळं ओढून घेतलं आणि मांडीवर पसरून फाटलेलं शोधायला लागले. ते जाळं त्यांनी आदल्या दिवशीच शिवून पुरं केलं होतं. मी आतल्या दारात तांदूळ निवडत बसले होते, मला सगळं दिसत होतं. म्हटलं, हा काय नवीन थेर?

मामंजी म्हणजे माझे सासरे. बंदरावर, पुळणीला लागूनच आमचं घर. दोन खोल्या मी पाव्हण्यांना द्यायची आणि जेवण माझ्या हातचं. परचुरेकाका पुण्याचे, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. दर थंडीत यायचे आणि पुळणीवर वाळूतला धातू शोधायचं मशीन फिरवत बसायचे. बाटल्यांची झाकणं, नाणी, कधी कुणा पाव्हणीची पडलेली अंगठी. छंद माणसाचा, दुसरं काय. ज्या वर्षी आमचे हे गेले, त्या वर्षी काकांनी आपलं मशीन मामंजींच्या हातात ठेवलं आणि कसं चालवायचं ते शिकवून गेले.

हे गेले म्हणजे काय, ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. पहाटे एकटेच छोटी होडी घेऊन खेकड्यांची जाळी उचलायला गेले. दुपारच्या भरतीबरोबर होडी खडपाला, किनाऱ्यावरच्या खडकांना, येऊन लागली. वल्ही आत, भाकरीचा डबा आत, माणूस नाही. मग काय विचारता, अख्खं बंदर समुद्रावर. सगळ्या बोटी बाहेर काढल्या. पाणबुडे आणले. खाडीच्या तोंडापासून दिवादांडीपर्यंत माणसं उभी केली. काही मिळालं नाही. प्रेत नाही म्हणून अग्नी नाही, अग्नी नाही म्हणून दिवस नाहीत. माझं कुंकू कपाळावर तसंच राहिलं.

ह्यांच्या हातात नवसाचं कडं होतं, तांब्याचं. सासूबाईंची आधीची दोन मुलं पाळण्यातच गेलेली. म्हणून हे झाले तेव्हा सासूबाईंनी घरोघरी पदर पसरून तांबं मागितलं. कुणी फुटकी पळी दिली, कुणी तारेचा तुकडा. ते वितळवून तांबटाने कडं केलं आणि मुलाच्या हातात घातलं. मनगट वाढलं की तांबटच ते उघडून मोठं करायचा. लग्नाआधी केलं ते शेवटचं. तळव्यावरून ते निघायचं नाही. एकदा हात सुजला तेव्हा मी साबण लावून ओढून पाहिलं होतं, ते बोंबलले होते नुसते. म्हणून बंदरावर सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की कडं सापडलं म्हणजे माणूस गेला. बाकी काही सापडायची आशा नव्हतीच.

मामंजी रोज ओहोटीला मशीन घेऊन निघायचे. पण त्या जुन्या मशीनला खारं पाणी सोसायचं नाही. कोरड्या वाळूत ठीक, ओलीवर नेलं की धातू असो नसो, एकसारखं किंचाळायचं. आणि समुद्र जे काही परत देतो ते देतो ओल्या वाळूत, खडपाच्या कडेला. तिथे मशीन मुकं झालं असतं तरी चाललं असतं, पण ते गप्पच बसत नसे. तीन वर्षं मामंजी ह्याच गोष्टीला शिव्या घालत होते. आणि आता परचुरेकाकांनी ओल्यावर चालणारं मशीन दारात आणून ठेवलं तर म्हणे नको.

मला मात्र ते हवं होतं. आणि उद्याच्या उद्या हवं होतं.

त्याचं कारण माझा भाऊ दत्ताराम. काकांनी फोनवर नव्या मशीनचं मला सांगितलं होतं, ते मी त्याला कळवलं, म्हणून तोही त्याच दिवशी खाडीपलीकडून तरीने आला होता. संध्याकाळी विहिरीवर पाय धुऊन तो पडवीत येऊन बसला, मशीनकडे बघून म्हणाला, "आलं काय? बरं झालं. शेवंते, तू काय बोलली होतीस दिवाळीला, आठवतंय ना?"

"आठवतंय."

"सगळ्यांसमोर बोल. परत पलटशील."

"पलटायला मी काय भाकरी आहे? ओल्या वाळूत धड मशीन एकदा फिरू दे. कडं मिळालं तरी आणि नाही मिळालं तरी, त्यानंतर दर्भाचा पुतळा करून अग्नी द्या. मी काही बोलणार नाही."

"भटजींना मी सांगून ठेवलंय. उद्या अमावास्या. संध्याकाळच्या ओहोटीला खडपापर्यंत सगळं उघडं पडेल. उद्या बघायचं, आणि संपवायचं." मग तो मामंजींकडे वळला. "काय तात्या, बरोबर ना?"

"मशीन नाय घ्यायचं ठरलंय," मामंजी जाळ्यातून मान वर न करता म्हणाले.

"कुणी ठरवलं?"

"मी."

दत्ताराम माझ्याकडे बघायला लागला. मी तांदूळ उचलून आत गेले.

दत्तारामाला घाई का होती तेही सांगते. त्याच्या ओळखीचा एक माणूस होता, बर्फाच्या कारखान्यात कामाला, बायको वारलेली. मी त्याला एकदाच पाहिलं होतं. तो मला बरा वाटला की नाही हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. मला तेव्हा काही वाटतच नसे. लोक म्हणायचे, शेवंता घट्ट मनाची. घट्ट कसली डोंबलाची! भात उतू जायचा आणि मी समोर बसून बघत राहायची. हळदीकुंकवाला बायका बोलवायच्या आणि मला कुंकू लावताना त्यांचा हात मध्येच अडायचा, लावू की नको. त्यांचा दोष नाही. मलाच कळत नव्हतं की मी कोण आहे. एकदा कुणीतरी सांगून टाकावं, एवढंच मला पाहिजे होतं. सवाष्ण तर सवाष्ण, विधवा तर विधवा.

रात्रीची आमटी चुलीवर होती तेव्हा मामंजी पाणी प्यायला आत आले. मी विचारलंच.

"का नको?"

"म्हातारपणी आता नवं काय शिकायचं?"

"मोबाईल शिकलात. माशांचे भाव बघता त्याच्यात. नातेवाइकांना गणपतीचे फोटो पाठवता."

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

"आमटी बघ, उतू जाईल."

"जाऊ दे. मामंजी, तुम्हाला ते सापडायला नकोय का?"

तांब्या त्यांच्या हातात होता. त्यांनी तो तोंडाला लावला नाही, तसाच खाली ठेवला. "मला काय पाहिजे ते तुला नाय कळायचं."

"मग कळेल असं सांगा."

"भिंतीला सांगितलेलं बरं," असं पुटपुटत ते बाहेर गेले. मी त्यांच्या पाठीमागून ओरडले, "तुम्ही नाही फिरवलंत तर मी फिरवीन उद्या!"

"बायमाणूस पुळणीवर मशीन घेऊन? लोक काय म्हणतील?"

"लोक तीन वर्षं म्हणतायतच की!"

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपली आणि मी परचुरेकाकांना म्हटलं, मला शिकवा. दत्ताराम बंदरावर गेला होता, मामंजी विहिरीवर. परचुरेकाका खूश झाले. त्यांनी मशीनचा दांडा माझ्या हाताच्या मापाचा केला, कानाला गोल लावून दिले आणि मागच्या परसात मला घेऊन गेले.

"आधी घरातल्या वस्तू जमिनीत पुरू. कुठल्या धातूला कसा आवाज येतो, पडद्यावर कुठला आकडा येतो, ते कानाला आणि डोळ्याला बसलं की झालं. काय आणाल?"

मी खिळा आणला, रुपयाचं नाणं आणलं आणि देव्हाऱ्यातली तांब्याची पळी आणली. त्यांनी ते एकेक वाळूत दडवलं. खिळ्याला मशीन घशातल्या घशात गुरगुरलं, आकडा अगदी लहान. पळीवरून चकती नेली आणि कानात एकदम स्वच्छ, लांब आवाज आला. आकडा ऐंशीच्या वर.

"हा तांब्याचा आवाज," काका म्हणाले. "चांदीचा जवळपास असाच. पण तुम्हाला हाच ऐकायचाय. आता डोळे मिटून चाला बघू. आकडा मी बघतो, तुम्ही नुसतं ऐका."

मी चालले. धुण्याच्या दगडापाशी खिळे होते, गुरगुर झाली. गोठ्याच्या कुडापाशी पत्र्याचा तुकडा असावा. काका मागून म्हणत होते, वा, वा, ओळखलंत. मग नारळाखाली पुन्हा तो लांब, स्वच्छ आवाज आला.

मी डोळे उघडले. "काका, पळी इथे पुरलीत होय? फसवता काय मला?"

"पळी?" काका म्हणाले. "पळी ही माझ्या हातात आहे."

आम्ही दोघांनी पडद्याकडे पाहिलं. ऐंशीच्या वर.

तेवढ्यात विहिरीकडून मामंजी आले, खांद्यावर कळशी. त्यांनी आम्हाला नारळाखाली पाहिलं आणि कळशी उतरवायचंही विसरले. "तिथं खणू नको."

"का?"

"मुळं तुटतील."

"नारळाची मुळं मला माहीत आहेत. खुरप्याने काही तुटत नाहीत."

"शेवंते, नको सांगतो ना! ऐक माझं."

मामंजी माझ्यावर कधी ओरडत नसत. त्या दिवशीही ते ओरडले नाहीत, गयावया केली. माझे सासरे, माझ्यापुढे. मी खुरपं घेतलं आणि बसले. फार खणावं लागलं नाही. दुधाची प्लास्टिकची पिशवी निघाली, जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने बांधलेली. दोरा दाताने तोडला. आत कडं होतं. हिरवं पडलेलं, पण तेच. तांबटाने शेवटचं मोठं केलं तेव्हाचा जोडाचा डाग लाकडाच्या गाठीसारखा उमटला होता, तो मला पाठ होता.

पहिल्यांदा मला वाटलं, सापडलं. मिळालं एकदाचं. मग ते हातात फिरवलं तर एका बाजूला उघडं होतं. करवतीने कापलेलं. शेजारी पातं घसरल्याचे दोनतीन ओरखडे, आणि दोन्ही टोकं धरून फाकवलेली, हात बाहेर निघेल एवढी.

परचुरेकाकांनी पाहिलं. त्यांनी माझ्या कानावरचे गोल हळूच काढून घेतले. "मी जरा पुळणीवर जाऊन येतो," म्हणाले, आणि ते गुडघे घेऊन खरोखरच गेले.

"कुठे सापडलं?" मी विचारलं.

मामंजींनी कळशी खाली ठेवली. धुण्याच्या दगडावर बसले. "सुरूच्या बनात."

"कधी?"

"मशीन हातात आलं त्याच महिन्यात. हात बसावा म्हणून कोरड्यात फिरवत होतो. समुद्राकडं नव्हतोच मी, रस्त्याच्या बाजूला होतो. हे होतं, आणि हॅक्सॉचं पातं होतं. माझ्याच पेटीतलं."

सुरूचं बन संपलं की डांबरी रस्ता लागतो. पहाटेची एसटी तिथे हात दाखवला तरी थांबायची, अजून थांबते. त्या एसटीच्या कंडक्टरला कुणी काही विचारलं नव्हतं. पोलिसांनी नाही, दत्तारामाने नाही, मीही नाही. बंदरावरचा माणूस हरवला की आम्ही सगळे पाण्याकडे तोंड करून उभे राहतो. रिकामी होडी बघितली आणि आम्हाला दुसरं काही सुचलंच नाही. रस्ता आमच्या पाठीमागे होता.

"होडी त्यांनीच सोडली?"

"लोटून दिली असणार ओहोटीत. डबा आत ठेवून. मग चालत आला असेल, खडपामागून."

"तुम्ही विचारलंत एसटीत?"

"विचारलं. उशिरा विचारलं. त्यांना काय आठवणार, रोज शंभर माणसं."

"का गेले?"

मामंजी हाताची बोटं चोळायला लागले. "त्याला समुद्र सोसत नव्हता गो. पहिल्यापासून. बोट हलली की ओकायचा. लहान असताना मी त्याला दोरीनं डोलकाठीला बांधून नेलाय, सवय होईल म्हणून. खलाशी हसायचे. मी पण हसायचो त्यांच्याबरोबर. चोगल्याचा पोर आणि पाण्याला भितो, मला लाज वाटायची."

"मला कधी बोलले नाहीत."

"बायकोला कोण सांगतो, मला पाण्याची भीती वाटते म्हणून? कडं कापलं कारण ते बघून कुठल्याही बंदरावर कुणीही ओळखला असता त्याला. एवढी अक्कल होती."

"आणि मला? मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? टाकून गेला म्हणून? समुद्रानं नेला म्हटलं की लोक तुझ्यापुढं आवाज बारीक करून बोलतात. टाकून गेला म्हटलं असतं तर तुझ्यात काय खोट होती ते शोधत बसले असते. मूलबाळ नाय, तिथूनच सुरू केलं असतं."

"म्हणून तुम्ही रोज पुळणीवर..."

"चालायचो. शोधणारा थांबला की लोक विचारायला लागतात. जुनं मशीन बरं होतं. ओल्यात चालत नाय म्हटलं की झालं, कुणी पुढं विचारत नसे. हे नवं आलं तर मी काय सांगणार होतो?"

"मग हे समुद्रात का नाही टाकून दिलंत? सुटला असतात."

"नवसाचं हाय," मामंजी म्हणाले, आणि मग त्यांना रडायला आलं. "आणि माझ्या पोराचं माझ्याकडं तेवढंच हाय."

मला राग यायला हवा होता. त्यांच्यावर, ह्यांच्यावर, कुणावर तरी. आला नाही. रडूही आलं नाही. भर दुपारी थंडी वाजत होती, एवढंच मला कळलं. मी पदर अंगाभोवती लपेटून घेतला आणि त्या खड्ड्यात माती लोटली. तो माणूस कुठेतरी होता, जेवत होता, झोपत होता, त्याचे पाय जमिनीवर होते. मी तीन वर्षं त्याच्या नावाने कुंकू लावत होते आणि त्याने मला माझ्या घरात मेल्यासारखं ठेवलं होतं. त्याला भीती वाटत होती हे मला समजलं. खरंच समजलं. पण मला सोबत घेतलं असतं, नाहीतर सांगून गेला असता, मी काय बांधून ठेवणार होते?

पुढच्या अंगणातून दत्तारामाची हाक आली. "शेवंते! ओहोटी लागली बघ! येतेस ना?"

"आलेच!"

मी कडं घेऊन स्वयंपाकघरात गेले. पाट्यावर ठेवलं आणि वरवंट्याने ठोकायला लागले. तांबं मऊ असतं, ऐकतं. दोन्ही टोकं एकमेकांकडे आली, भेटली. मामंजी दारात येऊन उभे राहिले.

"काय करतेस?"

"बंद करते."

"कशाला?" मग त्यांच्या लक्षात आलं. "नको गो. जित्या माणसाला अग्नी देतेस?"

"जिवंत असतील तर येऊन सांगतील, मी जिवंत आहे म्हणून. मी अडवणार नाही."

"पाप लागेल."

"लागू दे. तुम्ही मला सवाष्ण ठेवलंत ते तुमच्या मनाने. आता हे माझ्या मनाने. कडं दिसलं की कुणी पुन्हा वाट बघायला सांगणार नाही."

"आणि मला अग्नी द्यायला लावणार? माझ्या पोराला?"

"दुसरं कोण आहे द्यायला?"

त्यांनी चौकटीला हात टेकला. मी चुलीतली राख घेतली, ठोकल्याचे चकचकीत डाग चोळून काळे केले, कडं कमरेला खोचलं आणि मशीन उचललं.

अमावास्येच्या ओहोटीत समुद्र इतका मागे गेला होता की खडपाच्या मुळाचं शेवाळ दिसत होतं. बायका टोपल्या घेऊन शिंपल्या वेचत होत्या. मला मशीनबरोबर बघून त्या सरळ उभ्या राहिल्या. दत्ताराम माझ्याबरोबर चालत होता. परचुरेकाका कोरड्या वाळूत बसले होते, तिथून त्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मी नीट शिकवल्यासारखं चालले, चकती वाळूला टेकेल न टेकेल अशी धरून, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. मशीन ओल्या वाळूवर एकदम शांत होतं. खरोखरच चांगलं मशीन होतं ते.

खडपाच्या कडेला पाणी साचलं होतं. तिथे दत्ताराम जरा मागे राहिला, चपला काढायला. मी वाकले, कडं ओल्या वाळूत पायाने दाबलं आणि त्याच्यावरून चकती फिरवली. तो लांब, स्वच्छ आवाज आला. गोल मी कानाला लावलेच नव्हते, म्हणून आवाज सगळ्यांना ऐकू गेला. मशीनला काय कळतं, कुणी टाकलं आणि कधी टाकलं.

"दादा!"

तो अनवाणी पळत आला. हाताने वाळू उकरली. कडं निघालं तसं त्याने ते डबक्यात खळबळून धुतलं आणि बोटांत फिरवून पाहिलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. जोडलेली फट त्याला दिसली असेल की नाही, मला सांगता येणार नाही. कपाळाला लावून ते त्याने माझ्या हातात दिलं. "झालं, शेवंते," म्हणाला. "झालं आता."

शिंपल्यावाल्या बायका गोळा झाल्या. एकीने मला धरलं, एक मोठ्याने रडायला लागली, ती तर ह्यांची कुणी नव्हती. कुणीतरी म्हणालं, बघा, नवं मशीन आणलं आणि लगेच दिलं समुद्रानं, पहिल्यापासून हेच घ्यायला हवं होतं. घरी आल्यावर परचुरेकाकांनी मामंजींना विचारलं, "मग हे ठेवताय ना, चोगले?"

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. "ठेवतो," म्हणाले.

भटजी दोन दिवसांनी आले. अंगणात केळीच्या पानांवर त्यांनी दर्भाचा पुतळा मांडला, डोक्याच्या जागी नारळ, हातापायांच्या जागी पळसाचे देठ. कडं त्यांनी उजव्या हाताच्या देठात अडकवायला सांगितलं. ते मामंजींनी अडकवलं. त्यांनी मिश्या उतरवल्या होत्या, त्यामुळे ते कुणी दुसरेच दिसत होते. बंदरावरची माणसं कुडाशी दाटीने उभी होती. मी आतल्या दारात बसले होते, बायकांमध्ये.

भटजींनी मामंजींच्या ओंजळीत तीळ घातले, पाणी घातलं. म्हणाले, "मृताचं नाव सांगा."

मामंजींचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

"चोगले, नाव. ज्याला अग्नी द्यायचा त्याचं. कर्त्याच्या तोंडून यायला हवं."

मामंजींच्या बोटांमधून पाणी गळत होतं. ते पुतळ्याकडे बघत नव्हते, रस्त्याकडे बघत होते. लोकांना वाटलं दुःखाने अडलंय. कुणीतरी म्हणालं, बापाच्या तोंडून कसं येईल. दत्ताराम पुढे सरकला, सांगायला.

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर हाक मारायची झाली तर 'अहो', लोकांत बोलायचं झालं तर 'हे'. होडी रिकामी आली त्या दिवशी खडपावर उभी राहून मी हाका मारल्या होत्या, त्याही 'अहो' म्हणूनच.

मी उभी राहिले. बायकांनी माझा हात ओढला, मी तो सोडवून घेतला.

"भिकाजी," मी म्हणाले. सगळ्या अंगणाला ऐकू गेलं. "भिकाजी अर्जुन चोगले."

भटजींनी माझ्याकडे पाहिलं, मग मामंजींकडे. मामंजींनी डोळे मिटले. भटजींनी तेच नाव घेऊन मंत्र पुढे नेला, आणि मामंजींनी आपल्या जित्या पोराच्या नावाने पाणी सोडलं.